दोन मशिनांचा माणूस

आमच्या समोरच्या घरात राहायला आलेल्या पाहुण्यांची एक खोड पहिल्याच दिवशी माझ्या लक्षात आली. बोलता बोलता मधेच त्यांची नजर वर उजव्या कोपऱ्याकडे जाई, क्षणभर तिथे थांबे आणि परत येई. माझ्या बैठकीच्या खोलीत नेमकं त्या कोपऱ्यात एक जळमट होतं. दोन दिवस मी ओशाळल्यासारखा वागलो. तिसऱ्या दिवशी स्टुलावर चढून जळमट काढलं. चौथ्या दिवशी ते चहाला आले, तेव्हा नजर पुन्हा तिथेच.

"मास्तर," ते म्हणाले, "जळमट काढलंत की काय? अहो, मी ते बघत नव्हतो. मी टिपका बघत होतो."

"कसला टिपका?"

मग त्यांनी सांगितलं. ते एका लहान गावातल्या सिनेमागृहात पस्तीस वर्षं मशीन चालवत होते. त्या कामाच्या माणसाला ऑपरेटर म्हणतात, आणि आमच्या इमारतीतही त्यांचं तेच नाव पडलं. सिनेमा एका रिळात मावत नसे. एक रीळ अठरा-एकोणीस मिनिटं चाले, म्हणून शेजारी शेजारी दोन मशिनं असत. एकावरचं रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक बारीक टिपका चमकून जाई. तो दिसला की दुसरं मशीन सुरू करायचं. सात-आठ सेकंदांनी दुसरा टिपका. तो दिसला की पहिल्याचा उजेड बंद आणि दुसऱ्याचा चालू. खाली बसलेल्या माणसाला कळतही नसे.

"आणि चुकलं तर?"

"पडदा काळा पडतो. दोन सेकंद पडला तरी लोक शिट्ट्या मारतात, खुर्च्या बडवतात, आईबापांचा उद्धार करतात." ऑपरेटर बशी खाली ठेवत म्हणाले, "एक संपायच्या आत दुसरं सुरू झालं पाहिजे. आमच्या धंद्यात एवढंच शास्त्र."

त्यांच्या शहरात येण्याचं कारणही या शास्त्रातच बसणारं होतं. सिनेमागृह बंद पडलं होतं आणि इमारत पाडायची ठरली होती. ऑपरेटर आणि त्यांची बायको त्याच इमारतीत, पडद्याच्या मागच्या बाजूला असलेल्या खोलीत चौतीस वर्षं राहत होते. ती खोली तीस तारखेला रिकामी करून द्यायची होती, तोवर बायको तिथेच होती. समोरच्या घरात त्यांची लेक, जावई आणि जावयाची आई अशी तीन माणसं एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहत. ऑपरेटर रात्री कोचावर झोपत. कोच त्यांच्यापेक्षा वीतभर आखूड होता. तिथे आणखी एक माणूस मावणं शक्य नव्हतं.

"मामा, कसली घाई आहे? राहा की निवांत," जावई रोज म्हणे. मुलगा खरोखर चांगला. पण ते ऐकलं की ऑपरेटर आणखीच अंग चोरून बसत.

मागच्या गल्लीत एक खोली रिकामी होती. घरमालकीणबाई शिवणकाम करत. गळ्यात टेप नाही अशा त्या मला कधी दिसल्या नाहीत. त्यांनी ऑपरेटरना खोली दाखवली, नळ सोडून दाखवला आणि अट सांगितली. "मला नोकरी असलेला भाडेकरू हवा. तीस तारखेला संध्याकाळी सहापर्यंत कामाच्या ठिकाणचा कागद आणा, किल्ली घ्या. नाही आणलात तर दुसरं एक जोडपं वाट बघतंय. मग मला नावं ठेवू नका."

हे झालं दहा तारखेला. म्हणजे वयाची छप्पन्न वर्षं पूर्ण केलेल्या, एकच काम येणाऱ्या आणि ते काम जगातून उठून गेलेल्या माणसाला या अवाढव्य शहरात वीस दिवसांत नोकरी हवी होती. नाही मिळाली तर त्यांची बायको आपल्या भावाकडे जाणार होती. "चार महिने जाईन," असं ती फोनवर म्हणाली होती.

"चार महिने म्हणजे किती, ते तिला माहीत आणि मला माहीत," ऑपरेटर म्हणाले. "एकदा दोन ठिकाणी झालो की झालो, मास्तर. या वयात परत कोण जोडतंय?"

अर्ज लिहायला ते माझ्याकडे आले. मी जन्मभर पोरांना अर्जलेखन शिकवलेलं, त्यामुळे हौसेनं बसलो. 'चित्रपट प्रक्षेपणाच्या क्षेत्रातील प्रदीर्घ अनुभव' अशी सुरुवात केली आणि 'आपला कृपाभिलाषी' असा शेवट. वाचून दाखवला. त्यांनी शांतपणे ऐकला.

"झकास आहे. पण मास्तर, यात मी कुठे आहे?"

तरी मी दहा प्रती काढून दिल्या. हट्ट माझा. त्या प्रती घेऊन ते आठ दिवस फिरले आणि सगळीकडून एकच उत्तर घेऊन आले. 'प्रक्षेपण' हा शब्द वाचला की समोरचा माणूस म्हणे, इथे सिनेमाचं काम नाही. एका ठिकाणी तर त्यांना उपग्रह सोडणाऱ्या खात्यातले समजून खुर्ची दिली, पाणी दिलं आणि मग चूक कळल्यावर खुर्ची काढून घेऊन परत पाठवलं.

नव्या तऱ्हेच्या सिनेमागृहातही ते गेले. सात पडदे एकाच छताखाली. तिथल्या पंचविशीतल्या साहेबानं त्यांना मोठ्या अगत्यानं मशीनची खोली दाखवली. कपाटासारखी पेटी, एक बटण. रीळ नाही, उजेडासाठी जाळायच्या कार्बनच्या कांड्या नाहीत, माणूसही नाही.

"मग टिपका?" ऑपरेटरनी विचारलं.

"कसला टिपका, काका?"

तिथे माणसं हवी होती ती दारावर तिकिटं बघायला, आणि तीही तिशीच्या आतली. नोकरी लावून देणाऱ्या एका कचेरीत मुलीनं त्यांचा ईमेल विचारला. ते म्हणाले, लेकीला विचारून सांगतो. एका कापडाच्या मोठ्या दुकानात दारावरचा रखवालदार म्हणून अर्धा दिवस ठेवून बघितलं. तिथे स्टुलावर बसायचं आणि येणाऱ्याला नमस्कार करायचा, एवढंच काम. पण दर अठरा मिनिटांनी ऑपरेटर आपोआप उठून उभे राहत. पस्तीस वर्षांत पाठीच्या कण्यालाच ती सवय झालेली. मालकानं दुपारी हात जोडले. "काका, तुम्ही असे मधेमधे उठता, गिऱ्हाइकाला वाटतं दुकान बंद होतंय."

हे सांगताना ते स्वतःच हसले. पण त्या संध्याकाळी त्यांनी चहा अर्धाच घेतला. तारीख एकवीस होती.

"मास्तर, आपण चुकीच्या दारानं जातोय," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"पुढच्या दारानं प्रेक्षक जातात. काम करणारी माणसं मागच्या दारानं आत जातात. मी जन्मभर मागच्या जिन्यानं चढलो आणि इथे येऊन पुढच्या काउंटरवर अर्ज देतोय. उद्यापासून मागची दारं. आणि अर्ज दुसरा करा. मी सांगतो तसा लिहा, मधे तुमचं काही घालू नका."

त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं: 'मी वेळेच्या आधी येतो. दिवसभर उभा राहू शकतो. मशीनच्या आवाजाची सवय आहे. अंधाराला घाबरत नाही. काम शिकवलं की शिकेन.' खाली सही. मला त्यात एकही शब्द बदलावासा वाटला नाही, हे मी इथे मान्य करतो.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला ते बाहेर पडू लागले. हॉटेलांची मागची दारं, छापखान्यांची, गोदामांची, दवाखान्यांची. मागच्या दारांचं जग वेगळंच असतं, असं ते येऊन सांगत. तिथे पाट्या खडूनं लिहिलेल्या असतात, माणसं पायरीवर बसून चहा पितात आणि कुणाला काही विचारलं तर खरं उत्तर मिळतं. "जागा नाही" असं तिथेही ऐकावं लागलं. पण त्याबरोबर "त्या पलीकडच्या गेटात विचारा" हेही मिळे. असं एका दारातून दुसऱ्या दारात जात सत्तावीस तारखेला ते एका मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी पोचले. तिथे पुठ्ठ्यावर लिहिलं होतं: 'लाँड्रीत हेल्पर पाहिजे. उभं राहायची सवय हवी.'

लाँड्री तळघरात होती. वॉर्डांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे अंगरखे, ऑपरेशनची हिरवी कापडं, सगळं तिथे धुतलं जाई. तिथे सात-आठ बायका आणि दोन पुरुष काम करत आणि त्या सगळ्यांवर एक बाई होत्या. त्यांना समोर मॅडम म्हणत आणि मागे इस्त्रीबाई, कारण त्यांची नजर फिरली की माणसाची एक सुरकुती शिल्लक राहत नसे.

इस्त्रीबाईंनी अर्ज उभ्या उभ्या वाचला. "अंधाराचं काय मधेच?"

"मी सिनेमात मशीन चालवायचो."

"इथे सिनेमा नाही."

"हो. ते सगळीकडे सांगितलंय मला."

बाई हसल्या नाहीत. पण म्हणाल्या, "उद्यापासून तीन दिवस बघते. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगेन. हो म्हटलं तर हो, नाही म्हटलं तर वाद नको."

तिसरा दिवस म्हणजे तीस तारीख. ऑपरेटर घरी आले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. मी तिथेच होतो. बायकोचा आवाज फोनमधून सगळ्या खोलीला ऐकू येत होता. "तीस तारखेला मी खोली सोडून संध्याकाळच्या बसनं येतेच आहे. खोली मिळाली तर राहीन. नाही तर एक रात्र जमिनीवर झोपेन आणि सकाळी दादाकडे जाईन. तुम्ही उगाच काळजीनं पोट बिघडवून घेऊ नका."

पहिले दोन दिवस उत्तम गेले. ऑपरेटरचं काम सुकवणीच्या मशीनवर होतं. अशी दोन मशिनं होती. बायका त्यांना थोरला आणि धाकटा म्हणत. धाकटा बिघडला होता, त्यामुळे थोरल्यावरच सगळा भार. ओल्या चादरी आत टाकायच्या, दार लावायचं, वीस मिनिटांनी काढायच्या. ऑपरेटर घड्याळाकडे न बघता बरोबर वेळेला थोरल्यासमोर जाऊन उभे राहत. घड्या घालणारी एक मावशी होती, तिला याची फार गंमत वाटली. घडीवाली मावशी हात चालवता चालवता सगळ्या लाँड्रीची थट्टा करणारी. "काय हो सिनेमा," ती ओरडे, "पोटात घड्याळ गिळलंय का?"

"रीळ गिळलंय," ऑपरेटर म्हणत.

तिसऱ्या दिवशी सकाळी धाकटा दुरुस्त होऊन आला. भिंतीवर ठळक अक्षरांत पाटी होती: 'दोन्ही ड्रायर एकाच वेळी चालवू नयेत.' तळघरातल्या तारा जुन्या. दोघांचा भार एकदम पेलत नसे. एक पूर्ण थांबला की मगच दुसऱ्याचं बटण दाबायचं. ऑपरेटरनी ती पाटी पहिल्याच दिवशी वाचली होती, त्या दिवशी सकाळीही वाचली, आणि घडीवाल्या मावशीनं तोंडीही बजावलं. सकाळच्या चार फेऱ्या त्यांनी नीट काढल्या. प्रत्येक वेळी थोरला थांबेपर्यंत हात पाठीमागे बांधून उभे राहिले.

आता पुढचं मी त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

थोरल्याच्या दर्शनी बाजूला, वर, उजव्या कोपऱ्यात एक तांबडा दिवा होता. फेरी संपायच्या सात-आठ सेकंद आधी तो लुकलुकायचा. दुपारी बाराच्या सुमाराला हिरव्या कापडांची मोठी रास आली, सगळ्यांची धांदल उडाली. ऑपरेटर दोन्ही मशिनांच्या मधे उभे होते, डावीकडे थोरला, उजवीकडे धाकटा, अगदी त्यांच्या जुन्या खोलीतल्यासारखे. धाकट्यात कापडं भरून तयार होती. दिवा लुकलुकला.

"मास्तर, माझा हात गेला," ते मला म्हणाले. "मी दाबलं नाही. हातानं दाबलं."

खट्ट आवाज झाला आणि सगळं तळघर काळं झालं. तिथे खिडकी नव्हती. मशिनं हळूहळू घरघरत थांबली.

"अगं बाई! काय झालं?"

"कोण आहे तिथे? मला धक्का कुणी दिला?"

"मी नाही, ही ट्रॉली आहे!"

जमीन ओली होती. ढकलगाड्या वाटेत होत्या. चादरींना इस्त्री करणारा मोठा रूळ तापलेला होता. कुणीतरी धावायला लागलं. तेवढ्यात ऑपरेटरचा आवाज आला. फार मोठा नव्हे, पण लांबपर्यंत पोचणारा.

"कुणी जागचं हलू नका. जिथे आहात तिथेच खाली बसा. उजेड येतोय."

पायांचे आवाज थांबले. त्यांच्या खिशात विजेरी होती. पस्तीस वर्षांत ती नसलेला एक दिवस गेला नव्हता. त्यांनी आधी दोन्ही ड्रायरची बटणं बंद केली. मग विजेरी पेटवली. पण विजेरीचा उजेड असा, की ज्याच्यावर पडतो त्याचे डोळे दिपतात आणि बाकीचे अंधारातच राहतात. शेजारी दोरीवर एक मोठी चादर टाकलेली होती. ऑपरेटरनी ती दोन्ही बाजूंनी ताणून सारखी केली आणि विजेरीचा झोत तिच्यावर टाकला. चादर उजळली आणि तिच्यावरून परतलेला मऊ उजेड सगळ्या तळघरात पसरला. माणसं दिसायला लागली, गाड्या दिसल्या, जमिनीवरचं पाणी चमकलं. रुळाशी उभी असलेली बाई दोन्ही हात छातीशी धरून मागे सरकली.

कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

विजेच्या पेटीला कुलूप, किल्ली वायरमनकडे आणि वायरमन पाचव्या मजल्यावर. एकानं भिंतीला धरून जिना गाठला आणि त्याला बोलवायला गेला. बाकीचे तिथेच बसले.  मग घडीवाल्या मावशीचा आवाज आला.

"काय हो सिनेमा, पिक्चर कधी सुरू करताय? मागच्या रांगेला दिसत नाहीये!"

हशा उसळला. मावशीनं दोन्ही हात उजेडात धरून चादरीवर पक्षी उडवला. दुसरीनं कुत्रा केला, त्याचा जबडा हलवला आणि तो पक्ष्याच्या मागे लावला. "अगं, हा कुत्रा आहे की सासू?" "ओळखा!" ऑपरेटर मात्र हात न हलवता विजेरी धरून उभे होते आणि चादरीकडे नाही, मधूनमधून विझलेल्या तांबड्या दिव्याकडे बघत होते. तीन दिवसांचा हिशेब संपला होता, हे त्यांना कळून चुकलं होतं.

इस्त्रीबाई जेवायला वर गेल्या होत्या. त्या कठडा धरून जिना उतरल्या आणि शेवटच्या पायरीवर थबकल्या. सगळी लाँड्री खाली बसलेली, समोर उजळलेली चादर आणि तिच्यावर एक कुत्रा.

"हे काय चाललंय?"

"इंटरव्हल," मावशी म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

वायरमन आला, कुलूप निघालं, दिवे लागले. उजेडात सगळ्यांचे चेहरे एकदम कामाचे झाले. इस्त्रीबाईंनी विचारलं, "कशानं गेली?"

 मग मावशी चादरीची घडी घालत, कुणाकडेच न बघता म्हणाली, "जाते की अशी मधेमधे. तारा जुन्या आहेत, मॅडम. तुम्हीच तर वर लिहून दिलंय."

"मी घालवली," ऑपरेटर म्हणाले. "थोरला थांबायच्या आत मी धाकटा सुरू केला."

"पाटी वाचता येते ना?"

"येते."

"वाचलीत?"

"पहिल्याच दिवशी. आज परत."

"मग?"

"हात गेला. जुना हात आहे."

इस्त्रीबाईंनी त्यांच्या हाताकडे बघितलं. "उद्या परत जाईल?"

  'नाही', एवढा एक शब्द म्हणायचा होता. तो म्हटला असता तर कदाचित निभावून गेलं असतं. संध्याकाळी सहा वाजता घरमालकीणबाई दार लावणार होत्या आणि त्याच सुमाराला बायको सामान घेऊन बसमध्ये चढणार होती.

"जाईल," ते म्हणाले. "तो दिवा लुकलुकला की जाईल. उद्या नाही गेला तर परवा जाईल. खोटं सांगून तुमच्या माणसांना परत अंधारात घालू का? मला दोन मशिनांच्या मधे उभं करू नका, मॅडम. मी माझा डबा घेतो."

त्यांनी खरंच डबा घेतला. इस्त्रीबाई लाँड्रीभर फिरल्या. ओली जमीन बघितली, रूळ बघितला. मागच्या वर्षी अशीच वीज गेली होती तेव्हा एक बाई अंधारात धावताना घसरली आणि तिचा हात मोडला होता. तो अजून नीट वळत नाही. ही गोष्ट ऑपरेटरना नंतर मावशीनं सांगितली.

"कुठे निघालात?" इस्त्रीबाई म्हणाल्या. "पाच वाजलेत का?"

"नाही."

"तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगेन म्हटलं होतं. संध्याकाळ झालीये का? वर चार मजले चादरी पोचवायच्यात. ट्रॉली घ्या. ट्रॉली एकच आहे, तिला जुळी बहीण नाही. आणि त्या दोघांच्या आसपास मला दिसलात तर याद राखा."

मावशीनं घडीमागून डोळे मिचकावले.

पाच वाजता बाईंनी त्यांना बोलावलं. "ट्रॉलीवर कायम. सोमवारी वर कचेरीत जाऊन रीतसर कागद करा."

ऑपरेटरचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच परत वर आला. "मॅडम, कागद आज लागतो. सहाच्या आत." त्यांनी खोलीचं सांगितलं. कचेरीतला कारकून चारलाच उठून गेला होता. इस्त्रीबाईंनी कपाळाला हात लावला, 'अमक्या वॉर्डात इतक्या चादरी' अशा चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि एका कोऱ्या पानावर स्वतःच्या हातानं लिहिलं की हे गृहस्थ उद्यापासून आमच्याकडे कामाला आहेत. सही केली. मग म्हणाल्या, "शिक्क्याशिवाय कागदाला कोण विचारतं?" तिथे शिक्का एकच होता. स्वच्छ गठ्ठ्यांच्या चिठ्ठ्यांवर मारायचा तो त्यांनी जोरात मारला.

मी कोपऱ्यावर वाट बघत होतो. ऑपरेटर जवळजवळ पळत आले. आम्ही घरमालकीणबाईंच्या दारात पोचलो तेव्हा सहाला सहा मिनिटं होती. बाईंनी मशीनवरून मान वर केली, चष्मा बदलला आणि कागद वाचला. मग तो उजेडाकडे धरला.

"'धुतले, तपासले'? हा कसला शिक्का?"

"तो चादरींचा आहे," ऑपरेटर म्हणाले. "हॉस्पिटलचाच. कचेरी बंद झाली होती. पंधरा दिवसांत दुसरा आणून देतो."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी शिक्षकी गांभीर्यानं मान हलवली. त्यांनी टेप गळ्यातून काढली, पुन्हा घातली.

"इतकी वर्षं भाडेकरू ठेवतेय," त्या म्हणाल्या, "धुऊन तपासून कुणी आला नव्हता." आणि खिळ्यावरची किल्ली काढून दिली.

आठ वाजता बस आली. ऑपरेटरच्या बायको उतरल्या त्या एक ट्रंक, दोन पिशव्या आणि रिळाचा एक गोल पत्र्याचा डबा घेऊन. त्यात त्यांचे सुईदोरे असतात.  नवऱ्यानं किल्ली दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "पाणी येतं का नळाला?"

रात्रीचं जेवण लेकीनं खोलीवरच आणलं. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आम्ही सगळे बसलो. तेव्हा ऑपरेटरनी ही सगळी दुपार पहिल्यांदा सांगितली. शेवटी म्हणाले, "पस्तीस वर्षं ज्याला भ्यालो ते आज झालं बघ. माझ्या हातानं पडदा काळा पडला. चांगली पंधरा मिनिटं. आणि एकानंही शिट्टी मारली नाही."

"मारली असेल," बायको त्यांच्या ताटात वाढत म्हणाल्या. "त्या मशिनांपायी तुम्हाला कमी ऐकू येतं, हे मीच तेवढं जाणते. आता मुकाट्यानं जेवा. आणि मधेच उठू नका."

ऑपरेटरनी एक घास घेतला, आणि अठरा मिनिटं झाली असावीत, कारण ते उठले. बायकोनं हात धरून खाली बसवलं.